घुरघुरणारी घोडी : सुरी लावण्याआधी कारण शोधा



या अंकात उसाऐवजी घोडीवर लिहिलेले पाहून काहींना नवल वाटेल. "ऊसवाल्या साहेबांना घोड्यातलं काय कळतंय?" असेही कोणी म्हणेल. ते खोटे नाही. आमची पदविका शेतीची आहे, पशुवैद्यकाची नाही. पण डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींना अटींवर परवानगी दिली आणि मे २०२३ च्या निकालाने ती कायम झाली. तेव्हापासून गाड्यापुढे पळणारी घोडी आपल्या गावांतून पुन्हा दिसू लागली आहे. कोणी लग्नाच्या वरातीसाठी घोडी पाळतो, कोणी हौसेखातर. ऊसनोंदीसाठी शिवारात गेलो की बांधावरच विचारणा होते, "साहेब, घोडी पळताना घशातून आवाज करते, काय द्यावं?" काय द्यावे हे आम्ही सांगू शकत नाही. पण काय देऊ नये आणि कोणाकडे न्यावे, हे सांगण्याइतका अनुभव मात्र गाठीशी आला आहे. तो बदलापूरला आला.

बदलापूरची चांदणी

आपल्या भागातील पुष्कळ घरांतले एक तरी माणूस माळशेज घाट उतरून मुरबाड, कल्याण, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात पोटापाण्याला गेलेले आहे. आपले एक जुने सभासद आहेत, गाव त्यांना अण्णा म्हणते. त्यांचे धाकटे बंधू असेच अंबरनाथला कामाला लागले आणि बदलापूरला स्थायिक झाले. नोकरीला जोड म्हणून त्यांनी वरातीसाठी एक पांढरी नुकरा घोडी घेतली. तिचे नाव चांदणी. उल्हासनगरातील सिंधी समाजाची लग्ने, अंबरनाथ-बदलापूरच्या वराती असे तिचे काम. हंगामात घोडीला विसावा नसे.

बदलापूर आणि घोडा यांचे नाते जुने आहे. गुजरातकडे जाणाऱ्या वाटेवर इथे घोडे बदलले जात, शिवकाळात स्वारही इथेच घोडे बदलत, म्हणून गावाचे नाव बदलापूर पडले, असे तिथली मंडळी सांगतात. इतिहासकार काय म्हणतील ते म्हणोत, पण उल्हास नदीकाठचे ते माळ आणि पाणी पाहिले की सांगणे पटण्याजोगे वाटते. आजही पुढे नेरळवरून माथेरानला गेले की घोड्याचे महत्त्व कळते. माथेरानला मोटारगाड्यांना मज्जाव असल्यामुळे माणसे आणि सामान यांची बरीच भिस्त घोड्यांवर आहे.

गेल्या वर्षी चांदणीला ताप आला आणि तिने चंदी सोडली. घरच्यांनी घाईने एका इंजेक्शनवाल्याला बोलावले. तो डॉक्टर नव्हता. त्याने मानेच्या उजव्या शिरेत औषध दिले. देताना घोडीने झटका मारला आणि निम्मे औषध शिरेबाहेर गेले. दुसऱ्या दिवशी मानेच्या पन्हळीत हाताच्या मुठीएवढी सूज आली. सूज ओसरली, ताप गेला, सगळे निर्धास्त झाले. महिनाभराने घोडी दुडक्या चालीने पळवली तेव्हा श्वास आत घेताना घशातून करवत ओढल्यासारखा आवाज येऊ लागला. आणखी एक गोष्ट वहिनींच्या नजरेत आली. घोडीची मान फक्त उजव्या बाजूला घामाने ओली व्हायची, आणि उजव्या डोळ्याची पापणी किंचित खाली आलेली असायची. त्यांनी हे दोन-तीनदा सांगितले. "घाम घामच असतो," म्हणून कोणी मनावर घेतले नाही.

आम्ही गेलो तेव्हा घरात विचार चालला होता की हंगाम संपला की घोडी यात्रेत नेऊन विकून टाकावी. "उभी असली की आवाज येत नाही. चालवून दाखवायची, पळवायची नाही," असा सल्ला एका पाहुण्याने दिला होता. आम्हांला एकदम वाटले, ही घोडी उद्या आपल्याच एखाद्या सभासदाच्या दारात येईल, घाटात गाड्यापुढे पळेल, आणि भर वेगात गुदमरून स्वारासकट कोसळेल. आम्ही एवढेच म्हटले, "विकायची ती विका, पण आधी घशात दुर्बीण घालून बघून घ्या."

घशाचे दार

घोडा तोंडाने श्वास घेऊ शकत नाही, फक्त नाकाने घेतो. नाकातून आलेली हवा स्वरयंत्रातून श्वासनलिकेत जाते. स्वरयंत्र म्हणजे घशाचे दार समजा. त्याला दोन झडपा, म्हणजे डाव्या-उजव्या बाजूच्या दोन कूर्चा. घोडा पळू लागला की दोन्ही झडपा पूर्ण उघडतात, आणि चारा-पाणी गिळताना घट्ट मिटतात. उभा घोडा मिनिटाला साधारण ६०-७० लिटर हवा घेतो. भरधाव पळताना हीच हवा १,५०० लिटरच्याही वर जाते, आणि प्रत्येक झेपेला एक श्वास असा मेळ बसलेला असतो.

झडप उघडणारा एक छोटा स्नायू असतो आणि त्याला हुकूम देणारा एक मज्जातंतू असतो. मज्जातंतू निकामी झाला की स्नायू सुकतो आणि झडप लुळी लोंबकळते. मोटार चालू असताना फुटव्हॉल्व्ह चोंदला तर सक्शनचा मऊ पाइप आत ओढला जाऊन चपटा होतो, हे आपण विहिरीवर पाहिलेले आहे. इथेही तसेच होते. श्वास जोरात ओढला की लुळी झडप आत खेचली जाते, वाट अरुंद होते आणि आवाज येतो. म्हणून हा आवाज श्वास आत घेताना येतो आणि वेग वाढला की वाढतो. उभ्या घोड्यात सहसा काहीच कळत नाही. पाहुण्याचा सल्ला होता तो नेमका याच्याच भरवशावर.

डावी बाजू आणि उजवी बाजू

जगभर हा लकवा बहुतेक डाव्या बाजूलाच दिसतो. डाव्या झडपेचा मज्जातंतू डोक्यातून निघून सरळ घशात जात नाही. तो मानेतून खाली छातीत उतरतो, हृदयाजवळच्या महारोहिणीला वळसा घालतो आणि पुन्हा वर घशाशी येतो. उंच घोड्यात ही वाट दोन मीटरहून अधिक भरते. एवढ्या लांबीचा तंतू टोकाकडून झिजत जातो. म्हणूनच रेसच्या उंच थरोब्रेड घोड्यांना हा विकार जास्त होतो आणि लहान चणीच्या तट्टांना क्वचित.

आता आपल्याकडचा हिशेब बघा. आपली घोडी बहुधा मध्यम किंवा ठेंगण्या चणीची. तेव्हा अशी घोडी घुरघुरू लागली तर "जातीचाच रोग" म्हणून सोडून देऊ नये, कारण शोधावे. आणि लकवा उजव्या बाजूला असेल तर दुखापतीचा संशय आधी घ्यावा. मानेची शीर, तिच्या आतल्या बाजूची रोहिणी आणि हे मज्जातंतू एकाच पन्हळीत शेजारी शेजारी असतात. शिरेबाहेर सांडलेले तिखट औषध त्यांना भाजून काढते. त्याच जुडग्यात घामाचे आणि पापणीचे तंतूही असतात. वहिनींनी पाहिलेला एका बाजूचा घाम आणि उतरलेली पापणी ही त्याचीच खूण होती. घरातल्या माणसाने बारकाईने पाहिलेले कधी हसण्यावारी नेऊ नये, हा धडा आम्हीही तिथे शिकलो.

आपल्या दारातली कारणे

इंजेक्शनाखेरीज आणखी चार गोष्टी सभासदांनी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली लाखेची डाळ, विदर्भात जिला लाखोळी म्हणतात ती. माणसाचे पाय लुळे करणारी म्हणून हिची ख्याती आहे. घोड्यात ती मागच्या पायांबरोबर घसाही धरते. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातून गेलेली ही डाळ इंग्लंडमध्ये घोड्यांना चारली गेली, तेव्हा कामाला जुंपताच घोडे गुदमरू लागले. कित्येकांच्या गळ्याला भोक पाडून नळी बसवावी लागली. थोडी खाल्ल्याने काही होत नाही, आठवडेच्या आठवडे चंदीत गेली की होते. स्वस्त चुणी किंवा भरडा घेताना त्यात कशाची डाळ आहे हे दुकानदाराला विचारा.

दुसरी कीटकनाशके. उसाला आपण क्लोरपायरीफॉससारखी ऑर्गॅनोफॉस्फरस गटातील औषधे वापरतो. या गटातील काही औषधांनंतर घोड्यांच्या घशाच्या दोन्ही बाजू लुळ्या पडल्याची उदाहरणे आहेत. औषधाचे डबे तबेल्यात ठेवू नका, औषध लावलेल्या बियाण्याच्या पोत्याचा तोबरा करू नका, फवारलेल्या फडातले वाढे लगेच आणून टाकू नका.

तिसरी शिसे. जुन्या बॅटऱ्या फोडण्याच्या किंवा भंगार जाळण्याच्या जागी चरणाऱ्या घोड्याच्या पोटात शिसे जाते, आणि घशाची घुरघुर हे त्या विषबाधेचे एक ठळक लक्षण असते. कारखान्यांच्या वस्तीत घोडा पाळणाऱ्याने भंगाराच्या कडेचे गवत त्याला तोडू देऊ नये.

चौथी गोष्ट थोडी वेगळी आहे. सगळाच आवाज घशातला नसतो. नुसत्या कोंड्यावर आणि वाढ्यांवर ठेवलेल्या घोड्याला चुना, म्हणजे कॅल्शियम कमी पडते. कोंड्यात स्फुरद जास्त असते आणि वाढ्यांतील ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवते. मग चेहऱ्याची हाडे फुगतात, नाकाची वाट अरुंद होते आणि तिथून आवाज येतो. वाढ्यांवर चुन्याची निवळी शिंपडा असे आम्ही गुरांसाठी वर्षानुवर्षे सांगत आलो. घोड्याला तर वाढे हा मुख्य चारा करूच नका. चांगले गवत आणि थोडा लसूणघास द्या, आणि खनिज मिश्रण डॉक्टरांना विचारून ठरवा.

ओळखावे कसे

घोडी विकत घेताना ती पळवून बघितल्याशिवाय पैसे मोजू नका. लांब दोरीवर दोन्ही बाजूंनी गोल फिरवा, मग स्वार बसवून दौड काढा. गोंगाटापासून दूर नेऊन कान द्या. श्वास आत घेताना शिट्टी किंवा करवतीसारखा आवाज आला तर खरेदी थांबवा. मानेच्या दोन्ही पन्हळींवरून हात फिरवून गाठ, कडकपणा, जुनी सूज लागते का पाहा. सारंगखेड्याला जा, अकलूजच्या घोडेबाजारात जा, नाही तर घरच्या घरी सौदा करा, हा नियम सगळीकडे सारखाच.

नक्की निदान मात्र दुर्बिणीनेच होते. लवचीक दुर्बीण नाकातून घशापर्यंत नेली की कोणती झडप हलत नाही ते डोळ्यांना दिसते. आता घोड्याच्या डोक्यावर बांधून, तो पळत असतानाच घसा दाखवणारी दुर्बीणही निघाली आहे. घोड्यांचे काम करणारे सर्जन मुंबई-पुण्याला रेसकोर्समुळे आहेत, आणि परळला १८८६ पासूनचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. आपल्या तालुक्याच्या पशुधन अधिकाऱ्यांकडून चिठ्ठी घेऊन पुढे जावे.

मोठ्या चिरेपासून बारीक दुर्बिणीपर्यंत

पूर्वीचा उपाय एकच होता, तो म्हणजे गळ्याला भोक पाडून श्वासनलिकेत धातूची नळी बसवणे. घोडा गुदमरून मरायला टेकला असेल तर जीव वाचवणारा उपाय आजही तोच आहे. पण नळी घेऊन जन्मभर काम करायचे म्हणजे धूळ, पाणी, जखम यांची कटकट कायमची.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत विल्यम्स आणि मग इंग्लंडमध्ये हॉबडे यांनी गळ्याखालून चीर घेऊन झडपेजवळच्या पिशवीचे अस्तर काढण्याची रीत रूढ केली. हॉबडे यांनी अशी हजारो घोडी हाताळली. आवाज कमी होई, पण वाट फारशी रुंद होत नसे.

१९७० मध्ये अमेरिकेत मार्क्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी झडप टाक्याने मागे ओढून बांधण्याची शस्त्रक्रिया मांडली. वाऱ्याने आपटणारे दार दोरीने भिंतीला बांधून टाकावे, तसे हे काम. आजही पळणाऱ्या घोड्यासाठी मुख्य शस्त्रक्रिया हीच. पण दार कायमचे उघडे राहिले की चारा-पाणी चुकून श्वासनलिकेत जाते, खोकला लागतो, फुप्फुसाला धोका होतो. पहिल्या काही आठवड्यांत टाका सैलही पडतो. शिवाय घोड्याला पूर्ण भूल देऊन आडवे पाडणे हीच मोठी जोखीम आहे. एवढे वजनदार जनावर उठताना धडपडते, पाय मोडून घेते. निरोगी घोड्यातसुद्धा भुलेमुळे दगावण्याचे प्रमाण शंभरात एकाच्या आसपास धरले जाते.

म्हणून गेल्या काही दशकांत सगळा प्रयत्न चालला आहे तो घोड्याला न पाडता आणि कमीत कमी कापून काम करण्याचा. पहिली पायरी लेझरची. घोडा गुंगीचे औषध देऊन उभाच ठेवतात, घसा बधिर करतात, आणि नाकातून दुर्बिणीच्या वाटेने लेझरची तार नेऊन स्वरपट्टी व शेजारची पिशवी काढून टाकतात. बाहेरून एक टाकाही पडत नाही. आवाज बराच कमी होतो, हवेची वाट मात्र थोडीच सुधारते. वरातीच्या किंवा हलक्या कामाच्या घोड्याला तेवढे पुष्कळ.

दुसरी पायरी, झडप बांधण्याचे कामही उभ्या घोड्यावर करणे. फ्रान्समधील रोसिन्योल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये ही रीत प्रसिद्ध केली. मानेला चीर घ्यावीच लागते, पण भुलेची जोखीम टळते. शिवाय घोडा उभा असताना दुर्बिणीतून पाहून झडप किती ओढायची ते तिथल्या तिथे ठरवता येते.

तिसरी पायरी आम्हां शेतीवाल्यांना सगळ्यांत जवळची वाटली. ती चक्क कलम करण्याची आहे. मानेचा पहिला मज्जातंतू घोडा जोरात श्वास घेतो तेव्हा आपोआप जागा होतो. त्याच्या फांद्या उचलून त्या सुकत चाललेल्या स्नायूत बसवतात. १९९० च्या सुमारास याचा पाया घातला गेला, आणि अलीकडे सोपी केलेली रीत उभ्या घोड्यावरही करता येते. कलम धरायला आपल्या बागेत लागतात त्याहून जास्त, कित्येक महिने लागतात, आणि स्नायू पूर्ण सुकलेला नसावा लागतो. पण धरले की झडप पळताना उघडते आणि गिळताना मिटते, कारण ती बांधून टाकलेली नसते. याशिवाय स्नायूला विजेचा बारीक झटका देऊन झडप उघडणाऱ्या यंत्रावर अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात प्रयोग झाले आहेत.

हे सारे उपाय आपल्या दारात आज मिळतील असे आम्ही म्हणत नाही. पण डॉक्टरांपुढे बसल्यावर "घोडी पाडावीच लागेल का? उभ्याने होईल का?" एवढे विचारण्याचे ज्ञान प्रत्येक मालकाला असावे.

चांदणीचे काय झाले

दुर्बिणीतून पाहिले तेव्हा डावी झडप ठीक होती, उजवी लुळी. इंजेक्शन उजवीकडेच दिलेले. सर्जननी घाई केली नाही. ते म्हणाले, "तंतू तुटला नसेल, नुसता भाजला असेल, तर काही महिन्यांत थोडाफार परत येतो. सहा महिने पळवू नका. उतार पडला नाही तर उभ्याने लेझर करू. झडप बांधायची हिला गरज नाही, हिला कुठे शर्यत पळायची आहे?"

सहा महिने तिला फक्त पायी फिरवले. उन्हाळ्यात पत्र्याखालून काढून झाडाखाली बांधली. मानेचा घाम थांबला, पापणी वर आली. आवाज मात्र पूर्ण गेला नाही. दुडकीला अजून येतो, चालीला येत नाही. आता ती वरातीत सावकाश चालते, एका दिवसात एकच वरात घेते, आणि बँडपुढे नाचवण्याला मालक साफ नकार देतात. त्यामुळे एक-दोन गिऱ्हाइके तुटली. लेझर करायचे की असेच चालवायचे हे पुढच्या तपासणीला ठरेल.

यात्रेत नेण्याचा विषय कोणी काढला तो अण्णांनीच मिटवला. त्यांनी धाकट्याला फोनवर सांगितले, "अरे, घेणारा आपल्यासारखाच कोणीतरी असणार. त्याचं पोरगं तिच्यावर बसणार." त्यावर पुढे बोलणे झाले नाही.

जाता जाता

मानेच्या शिरेचे इंजेक्शन पदवीधर डॉक्टरांखेरीज कोणाच्या हाती देऊ नका. ही शिस्त घोड्यापुरती नाही. ऊसतोडीच्या बैलाला, व्यालेल्या गाईला कॅल्शियम देतानाही औषध शिरेबाहेर सांडले की मान सडते. औषध बाहेर गेल्याचा संशय आला तर लपवू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. पहिल्या काही तासांत करण्यासारखे पुष्कळ असते. घोडा पळताना घुरघुरला तर तिथेच थांबवा, लगाम ढिला करा, सावलीत शांत उभा करा. दम लागून जीभ निळी पडू लागली तर घरगुती काढे पाजत बसू नका. पाजलेले औषध फुप्फुसात जाईल. डॉक्टर बोलवा.

खोडव्याला रोग दिसला की आपण आधी मूळ उपटून बघतो, मग फवारणीचे ठरवतो. घोडीच्या घशालाही तोच न्याय लावावा. येत्या गळीत हंगामाआधी गटवार ऊस मेळावे होतील, तेव्हा ज्यांच्या दारात घोडी आहे त्यांनी तिच्या चंदीत काय काय जाते ते लिहून आणावे. पशुधन अधिकाऱ्यांना मेळाव्याला बोलावण्याचे आम्ही ठरवले आहे.

— ऊस विकास अधिकारी